मेवाडची सहल : ठिकाणांची यादी पुरे, क्रम सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीसाठी डोंगर, तलाव आणि ऐतिहासिक शहरे एकाच दौऱ्यात दाखवणाऱ्या मेवाड सहलीवरचा लेख आपल्या पर्यटन पुरवणीत वाचला. छायाचित्रे देखणी आहेत, ठिकाणांची निवडही चांगली आहे. उदयपूर, चितोडगड, कुंभलगड, राणकपूर, माउंट अबू यांतले काही गाळावे असे कोणीच म्हणणार नाही. मात्र कुठून शिरायचे, कुठून बाहेर पडायचे आणि कुठल्या दिवशी कुठे असायचे, याबद्दल लेखात एक ओळही नाही. बहुतेक सहल कंपन्यांच्या पत्रकांतही नसते. अशा अनेक मुक्कामांच्या सहलीत निम्मी मजा या क्रमावरच टिकते किंवा बुडते. ठाणे-नवी मुंबईकरांच्या सोयीने हा क्रम कसा लावावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

पत्रकांतला नेहमीचा साचा असा असतो : उदयपूरला उतरायचे, तिथून चितोडगड करून परत उदयपूर, कुंभलगड-राणकपूर करून परत उदयपूर, मग अबू आणि पुन्हा उदयपूरहून परतीची गाडी. चितोडगड उदयपूरच्या पूर्वेला सुमारे ११५ किलोमीटर, कुंभलगड उत्तरेला ८५, अबू पश्चिमेला १६५. प्रत्येक वेळी गेलेल्या वाटेने परत यायचे म्हटले की सातशेहून अधिक किलोमीटर होतात आणि त्यातले निम्मे पाहिलेल्याच रस्त्याचे. हाच पट्टा एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने सोडला, तर साडेचारशेच्या आसपास भागते. पूर्वेचे टोक चितोडगड, पश्चिमेचे अबू रोड. दोन्ही रेल्वेची स्थानके आहेत आणि दोन्हीकडून मुंबईला थेट गाडी आहे.

वांद्रे टर्मिनसहून उदयपूरला जाणारी थेट गाडी रतलाम, मंदसौर, नीमच करत चितोडगडवरूनच पुढे जाते. उदयपूरच्या दोन-अडीच तास आधी चितोडगड येते. तरीही लोक उदयपूरपर्यंत बसून राहतात आणि दोन दिवसांनी भाड्याच्या मोटारीने त्याच चितोडगडला उलटे येतात. ही गाडी रोज नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. नेमक्या दिवशी नसेल तर रतलामपर्यंत रोज भरपूर गाड्या आहेत, आणि रतलाम ते चितोडगड हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतच आहे. विमानाने जाणाऱ्यांनीही नकाशा पाहावा. उदयपूरचा विमानतळ डबोकला, म्हणजे शहराच्या पूर्वेला चितोडगडच्याच रस्त्यावर आहे. उतरून आधी शहरात शिरायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानतळावरून पुढे चितोडला जायचे, यात काही हशील नाही.

चितोडगडाकडून शिरायचे की अबूकडून, हे किलोमीटर सांगत नाहीत. ते तिथी सांगते. गुजरातचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते आणि तिथली दुकाने-पेढ्या लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत बंद असतात. त्या चार-पाच दिवसांत अहमदाबाद, मेहसाणा, पालनपूरकडचा प्रवासी सहकुटुंब अबूला चढतो. अबू गुजरातच्या सीमेला लागूनच आहे. तेव्हा घाटाच्या तोंडच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, तिथल्या ‘नक्की’ नावाच्या तलावाभोवती पाय ठेवायला जागा नसते आणि खोलीचे भाडे एरवीच्या कित्येक पट होते. अनेक हॉटेले त्या दिवसांत एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत. आपल्याकडचा माणूस निघतो भाऊबीज करून, म्हणजे शुद्ध द्वितीयेला. त्या रात्री निघून आधी अबू गाठले, तर तो नेमका त्या गर्दीच्या मध्यावर जाऊन पोहोचतो. चितोडगडाकडून शिरलात, तर अबूला पोहोचेपर्यंत अष्टमी उजाडते, लाभपंचमी मागे पडलेली असते आणि अहमदाबादचा व्यापारी आपल्या गादीवर परत बसलेला असतो. दिवाळीच्या आधीच सुटी घेऊन निघणाऱ्यांनी हेच उलटे करावे : आधी अबू, शेवटी चितोड.

द्वितीयेच्या रात्री निघणाऱ्यांचा हिशेब असा बसतो. तृतीयेला दुपारी चितोडगड, रात्री तिथेच मुक्काम. चतुर्थीला सकाळी गड पाहून दुपारनंतर उदयपूर. तिथे तीन रात्री. सप्तमीला कुंभलगड, एक रात्र. अष्टमीला राणकपूर करून अबू, दोन रात्री. दशमीला रात्री अबू रोडहून परतीची गाडी आणि कार्तिकी एकादशीला घरी. तिथीची वृद्धी-क्षय धरून एखादा दिवस इकडेतिकडे होईल, पण सांगाडा हाच.

आता आरक्षण. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, सकाळी आठला. भाऊबिजेच्या रात्रीपासून साठ दिवस मागे मोजा : हरतालिकेच्या एक-दोन दिवस आधीची तारीख येते. परतीच्या गाडीचे आरक्षण उघडते ते गौरी विसर्जनाच्या आसपास. ठाण्यातली निम्मी घरे तेव्हा कोकणात असतात आणि उरलेली मखराच्या मागे. नेमकी इथेच सहल हुकते. गणपतीनंतर बघू म्हणणाऱ्यांच्या हाती प्रतीक्षायादी पडते. या दोन तारखा आताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. प्रवाशांची नावे, वये आणि ओळखपत्राचे तपशील रेल्वेच्या खात्यात आधीच भरून ठेवावेत. तत्काळच्या भरवशावर दिवाळीत कुटुंब घेऊन निघू नये.

परतीच्या तिकिटातली एक मेख सहसा कोणी सांगत नाही. अबू रोड, फालना ही मधली स्थानके. तिथून निघणाऱ्या प्रवाशांसाठीचा कोटा तुटपुंजा असतो आणि त्यावरची प्रतीक्षायादी फारशी हलत नाही. जोधपूरहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट अबू रोडहून मिळत नसेल, तर ते जोधपूरपासून काढून चढण्याचे स्थानक अबू रोड नोंदवावे. भाडे थोडे जास्त पडते, पण मूळ स्थानकाच्या कोट्यात जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. चढण्याचे स्थानक मात्र न विसरता नोंदवा. नाही तर तुम्ही जोधपूरला चढला नाहीत म्हणून तुमची शायिका दुसऱ्याला दिली जाऊ शकते आणि अबू रोडला चढल्यावर हुज्जत घालण्यापलीकडे काही उरत नाही.

उदयपूरहून अहमदाबादमार्गे परतणाऱ्यांसाठीही एक सूचना. उदयपूर-अहमदाबाद हा जुना मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला, पण त्या मार्गावरच्या गाड्या बहुधा अहमदाबादच्याच असारवा या वेगळ्या स्थानकात संपतात. मुंबईच्या गाड्या सुटतात कालुपूरहून, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्थानकातून. मध्ये अंतर फार नाही, पण सामान, रिक्षा आणि अहमदाबादची वाहतूक धरून दोन तास तरी हाताशी ठेवावेत. पाऊण तासाच्या फरकाने जोडून काढलेली तिकिटे बहुतेकदा पुढची गाडी घालवतात.

ठाणेकराची खरी अडचण सुरू होते ती घरापासूनच. राजस्थानच्या गाड्या पश्चिम रेल्वेच्या, आणि आपण मध्य रेल्वेवरचे. घोडबंदर रस्त्याने बोरिवली नकाशावर अगदी जवळ दिसते, पण गायमुखच्या घाटात अवजड गाड्यांची रांग लागली की तासाचे अडीच तास होतात आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी तर ओवाळणी करून परतणारे अख्खे ठाणे रस्त्यावर असते. ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल. तोवर सामान आटोपशीर असेल तर लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची लोकल, हाच खात्रीचा मार्ग. वांद्रे टर्मिनस हे वांद्र्याच्या लोकल स्थानकाला चिकटलेले नाही. खार रोडला उतरले तर तिथून टर्मिनसला जोडणारा पादचारी पूल आहे आणि तोच सोयीचा पडतो. नवी मुंबईकरांनी हार्बरने वडाळा रोडला उतरून अंधेरी-गोरेगावकडची लोकल धरली की खार रोड थेट येते. पनवेल-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने वसईला गाडी पकडायचा बेत वेळापत्रक दोनदा पाहूनच करावा. आणि वांद्र्याहून रात्री उशिरा सुटणारी गाडी वसईला येईपर्यंत तारीख उलटलेली असू शकते, हेही पाहावे.

चितोडगडाबद्दल थोडक्यात. गड सपाट मैदानातून सुमारे १८० मीटर उठतो आणि माथ्यावर पाच किलोमीटर लांब पसरला आहे. पायी सगळा फिरू म्हणणारे अर्ध्यावर दमतात. सात दरवाजांमधून गाडीरस्ता थेट वर जातो. स्थानकाजवळ रिक्षा ठरवताना ‘पूर्ण फेरी, चार तास’ असे आधीच बोलून घ्यावे, नाही तर चालक दीड तासात खाली आणून सोडतो. सकाळी आठपर्यंत वर पोहोचलात तर राणा कुंभाचा महाल, विजयस्तंभ, समिद्धेश्वराचे मंदिर, गोमुख कुंड, पद्मिनी महाल आणि जैन कीर्तिस्तंभ उन्हाच्या आत होतात. विजयस्तंभ नऊ मजली, ३७ मीटर उंच, १४४८ च्या सुमाराचा. त्याच्या पायथ्याला गर्दी असते; तीन-चार मिनिटांवर खाली गोमुख कुंडाच्या पायऱ्यांवर मात्र निवांत बसता येते.

उदयपूर १५५९ मध्ये महाराणा उदयसिंहांनी वसवले. चितोड वारंवार पडत होता. डोंगरांच्या कोंदणातली, पाण्याची सोय असलेली जागा त्यांना हवी होती. इथले तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. अरवलीच्या घळींना बांध घालून पाणी अडवलेले आहे आणि म्हणून ते पावसावर अवलंबून आहे. पावसाळा कोरडा गेला की पिचोला तलाव आटल्याचे शहराने अनेकदा पाहिले आहे. म्हणून खोली ठरवण्याआधी त्या वर्षीची पाण्याची पातळी विचारावी. ‘तलाव दिसणारी खोली’ ही तर स्वतंत्र भानगड. जुन्या शहरातल्या हवेल्यांमध्ये बऱ्याचदा तलाव दिसतो तो गच्चीवरून, आणि खोलीच्या खिडकीतून दिसते ती समोरच्या हवेलीची भिंत. त्या खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागवावा. लिफ्ट आहे का हेही विचारावे. बहुधा नसते, आणि जिने उभे असतात. लालघाट-गणगौर घाटाच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, म्हणून सामान हातगाडीवर किंवा रिक्षात चढवावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना फतेहसागर तलावाच्या बाजूचे हॉटेल बरे.

पंचमीला शहरात गुजरातची गर्दी अजून असते. त्या दिवशी शहर सोडून पन्नासेक किलोमीटरवर दक्षिणेला जयसमंदला जावे. सतराव्या शतकाच्या अखेरीला महाराणा जयसिंहांनी बांधलेला हा तलाव इतका मोठा आहे की पलीकडचा काठ डोंगरांशीच मिळतो. बांधावर संगमरवरी पायऱ्या आणि दगडी हत्ती. खायला-प्यायला तिथे फारसे काही नाही, डबा बरोबर घ्यावा. शहर ठेवावे षष्ठीला. सिटी पॅलेस उघडताच आत शिरा. आतला मार्ग एकदिशा आहे आणि जिने इतके अरुंद की समोर एखादा मोठा गट आला की तासभर पुढे सरकता येत नाही. मध्येच बाहेर पडायची सोयही नाही, म्हणून पाण्याची बाटली आणि स्वच्छतागृह दोन्हीची तजवीज आधी करावी. नौकेबद्दल नेहमी घोळ होतो. जगमंदिर बेटावर उतरवणारी नौका राजवाड्याच्या बाजूच्या धक्क्यावरून सुटते आणि तिला राजवाड्याचे प्रवेशतिकीट वेगळे लागते. दूधतलाई-लालघाटाकडच्या नौका नुसती फेरी मारून आणतात. जगनिवास, म्हणजे पाण्यातला पांढरा महाल, हे हॉटेल आहे. तिथे पाहुण्यांशिवाय कोणाला उतरू देत नाहीत. नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सूर्यास्ताच्या फेरीसाठी साडेचारला धक्क्यावर असावे. संध्याकाळी सातला बागोर की हवेलीतला लोकनृत्यांचा कार्यक्रम. त्याच्या तिकिटाची रांग सहाच्या आधीच लागते.

सलग मोटार लागते ती सप्तमीपासून, त्याआधी नाही. जयसमंदची फेरी सोडली तर उदयपूरचे तीन दिवस रिक्षाने भागतात. मोटार आठवडाभर दाराशी उभी ठेवायची आणि रोजचे किमान भाडे भरायचे, हा निव्वळ तोटा. तिकडच्या बहुतेक टॅक्सीवाल्यांचा हिशेब दिवसाला किमान २५० किलोमीटर, वर चालकाचा रात्रभत्ता, टोल आणि पार्किंग असा असतो. अबूला सोडून देणार म्हटले की ते उदयपूरपर्यंतच्या रिकाम्या परतीचेही किलोमीटर लावतात, आणि लोक तिथेच कचरून ‘मग राउंड ट्रिपच करू’ म्हणतात. वास्तविक गणित करून पाहावे. उदयपूर-नाथद्वारा-राजसमंद-कुंभलगड सुमारे ११०, पुढे राणकपूर ५०, तिथून अबू १६५, आणि रिकामी परत १६५. एकूण ४९०. दोन दिवसांचे किमानच ५०० होते. म्हणजे परतीचा भुर्दंड किमान किलोमीटरमध्येच जिरतो. मोटार राजस्थानच्या क्रमांकाची आहे ना, हे विचारून घ्यावे. गुजरातच्या गाडीला सीमेवरचा कर वेगळा. अबूत फिरायला तिथलीच टॅक्सी स्वस्त पडते.

नाथद्वाराला श्रीनाथजींची दिवसातून आठ दर्शने होतात, मंगला ते शयन. प्रत्येक दर्शन थोडाच वेळ खुले असते आणि मध्ये दारे बंद. वेळा ऋतूप्रमाणे आणि उत्सवाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या रात्री हॉटेलवाल्याकडून दुसऱ्या दिवसाच्या वेळा विचारून घ्याव्यात. दिवाळीनंतरच्या अन्नकूटाला तिथे जी गर्दी उसळते, तिच्यात म्हाताऱ्या-पोरांना घेऊन जाऊ नये. वाटेतल्या एकलिंगजीचे दुपारचे दर्शन साडेदहाच्या सुमारास उघडून दीडच्या सुमारास बंद होते. दोन्ही देवळे एका सकाळी साधायचा हट्ट धरला की दोन्हीकडे बंद दार पाहावे लागते. एकलिंगजी उदयपूरहून २२ किलोमीटरच आहे, ते शहराच्या मुक्कामात वेगळे करावे. नाथद्वाराला देवळाबाहेर पुदिन्याची पाने चुरडून टाकलेला चहा कुल्हडमध्ये मिळतो, तो सोडू नये.

तिथून सोळा किलोमीटरवर राजसमंद. या ठिकाणाला पत्रकांत सहसा जागा नसते, आणि मला विचाराल तर साऱ्या दौऱ्यातला तलाव पाहावा तो हाच. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात हा बांध घालायला घेतला. नौचौकीच्या पाळीवर संगमरवरी मंडप आहेत, त्यांच्या छतांवर कोरीव काम आहे आणि बांधाच्या कोनाड्यांमध्ये बसवलेल्या पंचवीस काळ्या शिळांवर मेवाडचा इतिहास संस्कृतात कोरला आहे. तलावपाळीवर रोज संध्याकाळी फेरी मारणाऱ्या ठाणेकराला पाण्याला लागून उतरत गेलेल्या या पायऱ्या लगेच आपल्याशा वाटतील. फरक एवढाच की इथे भेळवाला नाही. तास पुरतो.

कुंभलगडाला तीनच्या आत पोहोचायचे. राणा कुंभाने पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तटबंदी ३६ किलोमीटरची सांगतात. २०१३ मध्ये चितोडगडाबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. महाराणा प्रतापांचा जन्म इथला, १५४० चा. प्रवासी रामपोल या दरवाजातून शिरून बादल महालापर्यंत धापा टाकत चढतात, फोटो काढतात आणि उतरतात. आपल्याकडच्या गडकोटांवर वाढलेल्या माणसाने महालापेक्षा तटाकडे वेळ द्यावा. रामपोलपासून तटावरून चालत थोडे पुढे गेले की बुरुजांची रचना, तटाची रुंदी, आत दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली देवळे, सगळे एका नजरेत येते आणि माणसे जवळजवळ नसतात. चढ दगडी फरशीचा आणि उभा आहे. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. अंधार पडता-पडता प्रकाश-ध्वनी कार्यक्रम होतो, तो पाहायचा तर गरम कपडे अंगावर हवेत. मुक्कामाची हॉटेले केलवाड्याच्या रस्त्यावर लांबलांब विखुरली आहेत, तेव्हा ‘किल्ल्यापासून किती किलोमीटर’ हे विचारूनच ठरवावे. घाटात मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे खिशात रोख ठेवावी.

कुंभलगडला रात्र न काढता उदयपूरहून एका दिवसात कुंभलगड-राणकपूर उरकणाऱ्यांचे काय होते तेही सांगतो. राणकपूरचे जैन मंदिर पर्यटकांसाठी दुपारी बारा ते पाच एवढेच खुले असते. सकाळ पूजेसाठी राखलेली. आधी राणकपूरला गेलात तर दहाला पोहोचून दोन तास बाहेर बसावे लागते. आधी कुंभलगड केलात तर भर उन्हात चढाई होते, राणकपूरला चार वाजतात, आणि १४४४ खांबांचे ते मंदिर पाऊण तासात उरकून नव्वद किलोमीटर अंधारात परत. रात्र कुंभलगडला काढली की हा सगळा पेच सुटतो. सकाळी सावकाश नाश्ता करून निघावे, बाराला दार उघडताना राणकपूरला असावे, दोनपर्यंत बाहेर पडावे. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. अर्ध्या चड्डीत आत सोडत नाहीत. सहस्रफणी पार्श्वनाथाची शिळा बाजूच्या भागात आहे, ती विचारून पाहा. जेवण मंदिराच्या भोजनशाळेत साधे आणि चांगले मिळते. त्या दुपारी ढाब्यावर तुपात बुडवलेली दाल-बाटी खाऊन लगेच वळणांच्या रस्त्याला लागू नये. मुले हमखास ओकतात. बाटी-चुरमा उदयपूरच्या मुक्कामात खावा.

राणकपूरहून दोनला निघाले की साडेपाच-सहापर्यंत अबू. अबू रोड ते माउंट अबू हा २८ किलोमीटरचा घाट उजेडात चढून व्हावा. अबू १२२० मीटरवर आहे, रात्री बोचरी थंडी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुशिखर, १७२२ मीटर, अरवलीचे सर्वोच्च टोक. माथ्यावर दत्तात्रेयांचे स्थान आहे. दत्तभक्त घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर पायऱ्यांचा विचार करून वेळ जास्त धरावा. शेजारीच वेधशाळा आहे. बारानंतर दिलवाड्याची जैन देवळे, तिथेही सकाळ पूजेसाठी आणि पर्यटकांना प्रवेश दुपारनंतरच. मोबाइल, कॅमेरा आत नेता येत नाही. त्यांतले विमलवसही हे देऊळ १०३१ चे, लूणवसही १२३० च्या सुमाराचे. लूणवसहीच्या रंगमंडपात छतातून खाली झुकलेले संगमरवरी कमळ इतके पातळ कोरले आहे की उजेडात पाकळ्या अर्धपारदर्शक दिसतात. त्याच मंदिरात ते बांधवणाऱ्या वस्तुपाल-तेजपाल या भावांच्या घरातल्या जावा-जावांचे म्हणून दाखवले जाणारे दोन कोनाडे आहेत. एकाहून एक सरस कोरलेले, नीट पाहा. घाईच्या गटाबरोबर गेलात तर दिलवाडा अर्ध्या तासात संपतो. त्यासाठी सूर्यास्ताचा पॉइंट खुशाल गाळावा.

परतीच्या रात्री अबूहून अडीच-तीन तास हाताशी ठेवून निघावे. अंधार पडल्यावर खाली उतरणाऱ्या जीपगाड्या कमी होतात आणि एखादी अडचण आली तर दुसरी सोय पटकन होत नाही. स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांना ठाण्याहून उदयपूर सव्वासातशे-साडेसातशे किलोमीटर पडते. एका दमात करू नये, बडोद्याला रात्र काढावी. येताना गुजरातमधून परतायचे आहे आणि तिथे दारूबंदी आहे, हे राजस्थानात खरेदी करताना ध्यानात असू द्यावे.

महोदय, पुढच्या पुरवणीत कोणत्याही अशा दौऱ्याचा लेख छापताना प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी द्याव्यात : दर्शनाच्या किंवा प्रवेशाच्या वेळा, आधीच्या ठिकाणापासूनचे अंतर तासांत, आणि स्थानिक सण-सुट्यांचे गर्दीचे दिवस. एक छायाचित्र कमी छापले तर एवढी जागा निघते. आणि हा लेख दिवाळीच्या तोंडावर न छापता गणपतीच्या आधी छापावा, म्हणजे वाचकाला आरक्षणाची खिडकी उघडण्याआधी तो उपयोगी पडेल.

आपला,
एक वाचक
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)